आग्र्याआधी बुऱ्हाणपूर

गोव्यातला माणूस सहकुटुंब उत्तरेला निघाला की त्याचा बेत बहुतेक ठरलेला असतो. ताजमहाल, दिल्ली, जमल्यास मथुरा. आमचाही तोच होता. पण नोकरीतल्या बदलीमुळे मावसभाऊ मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटला राहायला गेला आणि "आमच्याकडे कधी येताय?" म्हणून त्याचे फोन सुरू झाले. शेवटी ठरलं : येत्या डिसेंबरात धूलकोट आणि बुऱ्हाणपूर. आग्रा पुढच्या वेळी.

मुलांचा विरस झाला. त्यांना सांगितलं की ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती मुमताजमहल बुऱ्हाणपुरातच गेली, जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी पुरलं ते तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या आहुखान्यात. आग्र्याला तिला नेलं ते डिसेंबरात. म्हणजे आपण गोष्टीचा आधीचा भाग पाहायला चाललोय. धाकटीला हे पटलं, थोरल्याने खांदे उडवले.

अशा गावी जायचं तर बेत माणसं बघून आखावा लागतो. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. गोव्याहून रेल्वेने भुसावळ गाठलं की तिथून बुऱ्हाणपूर गाडीने तासाभरावर. हिवाळाच बरा, उन्हाळ्यात खानदेश-निमाडची भट्टी होते. मुक्काम बुऱ्हाणपुरात ठेवला आहे आणि धूलकोटसाठी एक अख्खा दिवस. पाहुणचार घाईत उरकायचा नसतो.

शहरात आईला झेपेल अशी जागा म्हणजे जामा मशीद. फारुकी सुलतानांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. तिथे अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. आईला मी तेवढंच सांगितलं, तर म्हणाली, "मग मला ती दाखवच." कुंडी भंडारा मात्र मुलांसाठी. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एकापुढे एक खोदलेल्या कुंड्यांमधून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं, ही १६१५ च्या सुमाराची योजना. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीतली. २०२४ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खाली उतरायला लिफ्ट बसवलेली आहे, पण ती चालू आहे ना, हे भाऊ आधी चौकशी करून सांगणार आहे. असीरगड वीसेक किलोमीटरवर. अश्वत्थामा तिथल्या शिवमंदिरात रोज फूल वाहून जातो अशी आख्यायिका. चढ आहे, तेव्हा तिथे आई येईल की नाही ते त्या दिवशी ठरेल. मावा जिलेबीबद्दल मात्र घरात एकमत आहे.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग थोरल्याने विचारलं, "संभाजी महाराजांनी लुटलं ते हेच ना बुऱ्हाणपूर?" स्वर अभिमानाचा होता. आम्हीही शाळेत ते तसंच शिकलो. १६८१ च्या जानेवारीअखेर मराठे बहादुरपुऱ्यावर अचानक येऊन धडकले आणि तीन दिवस लूट केली. मोगलांच्या दख्खनमधल्या या श्रीमंत शहरावरचा घाव औरंगजेबाला झोंबला. बापावर उठलेला त्याचा शहजादा अकबर दक्षिणेत आला होताच. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन थडकला आणि पुन्हा कधी दिल्लीला परतला नाही.

हे सगळं खरं. पण पुरे म्हणजे वस्त्या. तिथे सराफ होते, तसे सामान्य लोकही होते. त्या गल्ल्यांत मुलाला घेऊन उभं राहिल्यावर तोच अभिमानाचा स्वर काढायचा का?

गोवेकराला या प्रश्नासाठी फार लांब जावं लागत नाही. १६८३ मध्ये फोंड्याच्या किल्ल्याला पोर्तुगीजांनी घातलेला वेढा महाराजांनी उठवला. मग जुवे बेट घेतलं, आणि व्हिसरेईने आपला राजदंड फ्रान्सिस झेवियरच्या शवाशी नेऊन ठेवला. याचा आपल्याला आनंद होतो, व्हावाच. पण पुढे साष्टी-बारदेशात फौजा शिरल्या तेव्हा घरंदारं सोडून पळालेले लोक कोण होते? आपल्याच वाड्यांवरचे. त्यांतले काही बाटलेले, काही न बाटलेले. एकाच स्वारीत सुटका कोणाची आणि उद्ध्वस्त कोण, हे दोन्ही आपल्या घरात आहे. मग बुऱ्हाणपूरकरांचं ऐकायला आपल्याला जड का जावं?

थोरल्याला एवढंच सांगितलं. महाराजांबद्दलचं त्याचं प्रेम कमी करायचा माझा हेतू नाही. ज्या माणसाने एवढे हाल सोसले त्याला माझ्या सारवासारवीची गरज नाही. मुलाने फक्त विचारलं, "तिथले लोक आपल्यावर रागावतील?" मी म्हटलं, तिथे मराठी बोलणारे पुष्कळ आहेत, तूच विचार.

म्हणून यादीत बहादुरपुऱ्यासाठी एक सकाळ घातली आहे. पर्यटकांसाठी तिथे काही असो वा नसो. आई म्हणते, तीही येणार, तिथे चढ नसावा.