'स्मृतिचित्रे' तुझ्या सामानात का घातले

त्र्यंबकेश्वर

चि. सौ. ताई,

निघताना आईने सामानात लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' का घातले, असे तू पुसलेस. आपल्या घरातून दूर जाणाऱ्या प्रत्येक मुलीबरोबर हे पुस्तक जाते, आणि त्याचे कारण आपल्याच गावच्या इतिहासात आहे.

त्र्यंबक म्हटले की कुशावर्त, ब्रह्मगिरी आणि यात्रेकरूंची वर्दळ तुझ्या डोळ्यांपुढे येत असेल; परंतु ५ डिसेंबर १८५७ रोजी याच गावच्या सरकारी खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर चालून आले होते, आणि त्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंचे आईकडचे आजोबा, वासुदेव भगवंत जोगळेकर, फासावर गेले. त्या आघाताने त्यांच्या जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, मनाने सोवळ्याओवळ्याचा असा विलक्षण ध्यास घेतला, की बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाही, असा दंडक झाला. आणि धुतलेल्या मिठातले किती पाण्याबरोबर वाहून जाई, हे त्या घरातल्या बायकाच जाणत. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरास जन्मलेली मनकर्णिका गोखले, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई टिळक, या धाकात वाढली.

नारायण वामन टिळकांसारख्या कविहृदयाच्या, परंतु अस्थिर वृत्तीच्या पुरुषाशी तिचे बालपणीच लग्न झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, ती पत्नीला आगाऊ कल्पना न देता; आणि पदरी लहानगा दत्तू असलेल्या या बाईला पुढील काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढावी लागली. अखेर ती पतीकडे परतली, तरी आपले सोवळे आणि आपली चूल तिने निराळीच ठेवली. मग कोणाच्याही आग्रहावाचून, केवळ स्वतःच्या विचाराने, जातिभेद ही देवाची नव्हे, माणसाची करणी आहे असा निर्णय करून, यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असे तिने ठरविले. आणि त्यानंतर, १९०० साली, तिने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम तू ध्यानात ठेव. आजोबांच्या मरणाने तिच्या घरात शिरलेले भय तिने आधी स्वतःच्या बुद्धीने दूर केले. धर्मांतर त्यामागून आले.

पुस्तकाचा जन्मही असाच अकल्पित आहे. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे या हेतूने दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईजवळ आठवणी मागितल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या बाईने त्या अशा सांगितल्या, की पतीच्या चरित्राची साधने म्हणून आरंभलेले हे काम तिचे स्वतःचे आत्मचरित्र होऊन बसले. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले; १९३६ मध्ये त्या निवर्तल्या आणि शेवटचा भाग मुलाने सिद्ध केला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. पतीने जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहिले होते, त्यांत त्यांनी साठांहून अधिक अध्यायांची भर घातली.

वडिलांच्या जाचाची, पतीच्या रागाची आणि स्वतःच्या हट्टाची हकीकत सांगताना त्यांनी कोणाविरुद्ध फिर्याद मांडली नाही आणि कोणाची भलावणही केली नाही. ज्यांच्यामुळे सोसावे लागले, त्यांच्यावरही माया ठेवून सत्य बोलता येते, हे मराठीत इतक्या सहजतेने फार थोड्यांनी दाखविले आहे. परक्या मुलुखात आपले कोणते टाकावे आणि कोणते राखावे, हा प्रश्न तुला नित्य पडेल. तेव्हा दुसऱ्याच्या भिडेने किंवा भयाने निर्णय न करता, स्वतः विचार करून करावा, एवढ्यासाठी हे पुस्तक तुझ्याजवळ दिले आहे. ते बोलल्यासारखे लिहिलेले आहे, म्हणून मोठ्याने वाच, मुलांनाही ऐकव. पहिला भाग संपला की तुझे मत सविस्तर कळव. जावईबापूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा