ट्रॅपिस्टांच्या घरातला चौथा

नाव ट्रॅपिस्ट-१ई. मुक्काम कुंभ राशीत, आपल्यापासून साधारण ४० प्रकाशवर्षांवर. सात भावंडांतला चौथा. अंगापिंडाने पृथ्वीच्या जवळपास: त्रिज्या ९२ टक्के, वस्तुमान ७० टक्क्यांच्या आसपास. ऊन आपल्या दोन तृतीयांश मिळतं, म्हणजे करपायची भीती नाही. छत्तीस गुण जुळावेत अशी पत्रिका. अडचण एवढीच, की मुलगा अजून कोणी पाहिलेला नाही.

दिसतो तो त्याचा तारा. तोही मिणमिणता, तांबडा, गुरूपेक्षा जेमतेम मोठा. दर सहा दिवसांनी ई त्याच्यासमोरून जातो आणि सुमारे ५५ मिनिटं ताऱ्याचा उजेड अर्ध्या टक्क्याने उतरतो. आपली सगळी ओळख एवढ्या भांडवलावर. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या मिकाएल जियों यांच्या चमूने चिलीतल्या एका छोट्या दुर्बिणीतून २०१६ मध्ये या घराचा पत्ता लावला. ई २०१७ च्या फेब्रुवारीत उजेडात आला.

राहणी विचित्र. सोमवारी सकाळी सुरू झालेलं वर्ष रविवारी सकाळी संपतं. ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्याने त्याची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते: इकडे न कलणारी दुपार, तिकडे न सरणारी रात्र. आकाशात आपल्या सूर्याच्या चौपट रुंदीचा लालसर तारा एका जागी खिळलेला, आणि मधूनच चंद्राहून मोठी दिसणारी भावंडं. उन्हाळा-पावसाळा असलाच तर तो काळाचा नाही, जागेचा. कुठे राहता यावर ऋतू ठरणार.

तर अशा या न पाहिलेल्या ग्रहाचं हवामान चार वेगवेगळ्या संगणकीय मॉडेलांनी काढून ठेवलेलं आहे. त्यातलं एक ब्रिटिश हवामान खात्याचं. त्याच मॉडेलच्या भारतीय रूपावर नोएडाचं हवामान-अंदाज केंद्र आपल्या पावसाचे अंदाज काढतं. चौघांना सारखाच पेपर दिला. आधी ग्रह कोरडा धरा, मग सगळा समुद्र धरा. हवा एकदा नायट्रोजनची, एकदा कार्बन डायऑक्साइडची. कोरड्या ग्रहावर चौघांचं बऱ्यापैकी जमलं. पाणी घातलं आणि ढगांवरून बिनसलं. भरदुपारच्या पट्ट्यात हवा तापून वर चढते, तिथे ढगांचं जाड छप्पर धरतं आणि तेच ऊन परतवून लावतं. छप्पर किती जाड, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. आपल्या मॉन्सूनमध्येही ढगच दगा देतात, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही. पुन्हा हेच ढग दिवस-रात्रीच्या सीमेवर पसरले, तर तिथली वाफ दुर्बिणीपासून झाकून टाकतात.

मुळात हवा शिल्लक आहे का, हा खरा सवाल. असे खुजे तारे तरुणपणी फार तापट असतात, आणि नंतरही त्यांचे भडके थांबत नाहीत. जवळच्या ग्रहांची हवा उडवून लावायला तेवढं पुरे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने थोरल्या भावाचा, म्हणजे बी या ग्रहाचा, दिवसाकडचा भाग मोजला. तो सव्वादोनशे सेल्सिअसच्या पुढे तापलेला, रात्रीकडे उष्णता नेणाऱ्या हवेचं चिन्ह नाही. त्याच्या धाकट्या सीकडेही कार्बन डायऑक्साइडची जाड दुलई सापडली नाही. ईच्या पहिल्या चार फेऱ्यांचा निकाल २०२५ मध्ये आला: हायड्रोजनची हवा नाही, शुक्रासारखी किंवा मंगळासारखी असण्याची शक्यता कमी, नायट्रोजनची असू शकेल, नुसता खडकही असू शकेल. मिथेनची पुसट चाहूल लागली, पण ती ताऱ्याचीच नसेल कशावरून? त्याच्या अंगावरचे डाग ग्रहाच्या हिशेबात घुसतात आणि दर फेरीला जागा बदलतात.

यावर काढलेली तोड मला फार आवडली. बी आणि ई पाठोपाठ ताऱ्यासमोरून जातील अशा वेळा हेरायच्या. बी बोडका धरला, तर त्याच्या वेळी जे दिसेल ते सगळं ताऱ्याचं. तेवढं ईच्या नोंदीतून वजा करायचं, उरेल ते ईचं. मेख आहे ती 'धरला तर' या अटीत. कारण २०२४ च्या शेवटी वेगळ्या तरंगलांबीवरचं मोजमाप आलं, आणि बीवर धुरकट, दाट हवाही असू शकते अशी शंका निघाली.