आधी पाण्याची वाट, मग डांबर

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना रस्ता म्हटलं की जी.ई. रोडच आठवतो. ग्रेट ईस्टर्न रोड हे इंग्रजी अमदानीतलं नाव. नागपूर, भंडारा, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर आणि पुढे संबलपूर. आमच्या सोयरिकीही याच रस्त्यानं जुळल्या. तो पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमवारीत ५३. जड वाहतूक आता रिंग रोडनं शहराला वळसा घालते. माझी सारी नोकरी रस्त्यांच्या कामांवर गेली, त्यातली बरीच याच मार्गावर.

या विषयात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९२७ मध्ये देशातल्या रस्त्यांचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवा, ही त्यांच्या समितीची शिफारस. त्यातूनच १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद भरली ती नागपुरात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथं ठरली.

महामार्गाचं काम सुरू होतं ते मातीपासून. छत्तीसगढी शेतकरी मातीला चार नावं देतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. यातली भाठा म्हणजे लाल मुरमाड जमीन. शेताला ती नकोशी, रस्त्याला मात्र सोन्यासारखी. कन्हार काळी, धान, गहू, हरभऱ्याला उत्तम, पण पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर कितीही भारी डांबर टाका, एकदोन पावसाळ्यांत पृष्ठभागावर लाटा उठणारच. म्हणून ती उकरून मुरूम भरायचा, नाहीतर चुना मिसळून तिची फुगण्याची खोड कमी करायची. विदर्भातल्या काळ्या रानातही हीच डोकेदुखी.

भराव थराथरानं टाकतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. दबाई पुरेशी झाली की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी थरात छोटा गोल खड्डा खणायचा, निघालेली माती कणही न सांडता तोलायची, मग त्याच खड्ड्यात ठरावीक घनतेची कोरडी वाळू सोडायची. किती वाळू मावली त्यावरून खड्ड्याचं आकारमान, त्यावरून मातीची घनता. वरच्या ५०० मिलिमीटर मातीत ती प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९७ टक्के भरली पाहिजे. ९४ आली, तर थर उखडून पुन्हा दाबायचा. ठेकेदाराचा माणूस तेव्हा हात जोडतो. पण त्या क्षणी जो अभियंता विरघळला, त्याचा रस्ता गेला. दाबलेल्या मातीवर निचऱ्याचा खडी-मुरमाचा थर, मग ओल्या मिश्रणाची खडी, आणि शेवटी डांबराचे दोन थर.

जून २०२२ मध्ये याच महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला भागात ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. त्या मजुरांच्या चिकाटीला माझा सलाम. पण वरचा थर किती वेगानं पडला, यावरून रस्ता किती टिकेल हे मी कधी सांगणार नाही. मी आधी मोऱ्या बघेन.

कारण रस्ता मरतो पाण्यानं. डांबरात केसाएवढी भेग पडते, पाणी आत झिरपतं, वरून ट्रकचं चाक जातं आणि ते पाणी दाबानं बाहेर उसळतं. येताना खालची बारीक माती घेऊन येतं. पावसानंतर भेगेच्या कडेला मातकट डाग दिसला, तर समजावं की आत पोकळी धरली आहे. खड्डा पुढच्या सरींत. त्यात ओझ्याची भर. आसाचं वजन वाढलं की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं, हे १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या चाचण्यांत दिसलं. आपल्याकडे २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. आकडा थोडाच वाढला, पण रस्त्यावरचा मार या हिशेबानं दीडपटीहून जास्त.

पूर्वी महाराष्ट्रात ठरावीक मैलांमागे एक मैलकुली असे. कुदळ-फावडं घेऊन तो साइडपट्टीला उतार द्यायचा, मोरीतला गाळ काढायचा. त्याच्या पगाराएवढ्या पैशात लाखोंचं डांबर वाचत होतं, असं माझं ठाम मत आहे. ही पदं पुन्हा भरली पाहिजेत.

शहरात तर आपण जुन्यावरच नवा थर चढवत जातो. रस्ता उंच, ओटे खाली, आणि पाणी घरात. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू देऊ नये. आमापाऱ्याकडून रुंद येणारा रस्ता तात्यापारा चौकापुढे अरुंद होतो. शारदा चौकापर्यंतच्या रुंदीकरणाची मागणी जुनी आहे आणि रास्तही. तात्यापारकरांना एवढीच विनंती: ते काम होईल तेव्हा रस्ता किती फूट झाला हे विचाराच, पण त्याआधी नालीचा उतार कुठल्या दिशेला आणि पाणी कुठे सोडलंय, हे नकाशावर दाखवायला सांगा.