ठंडी सडकेवरचा हंस

नैनितालला डिसेंबरात जातोय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला होता. "अरे, लोक उन्हाळ्यात जातात तिकडं! आता काय बघणार, धुकं?" पण मुलीच्या शाळेची सुट्टी आणि माझी रजा यांचा मेळ तेव्हाच बसत होता. शिवाय आठ वर्षांच्या चिनूनं कुठल्याशा कॅलेंडरवर तलावातला पांढरा हंस पाहिला होता. खरा नव्हे, पायडलनं चालवायच्या होडीचा हंस. 'मला त्याच हंसात बसायचंय' हे तिनं काठगोदाम स्टेशनवर उतरल्यापासून मोजून अकरा वेळा ऐकवलं. तिथून नैनिताल पस्तीस किलोमीटर, सगळी घाटाची वळणं. बाराव्या वेळेला तिला गाडी लागली, म्हणून आम्ही वाचलो.

तलाव समुद्रसपाटीपासून १,९३८ मीटर उंचीवर आहे. आकार कुणाला आंब्यासारखा वाटतो, कुणाला डोळ्यासारखा. एका टोकाला तल्लीताल, दुसऱ्या टोकाला मल्लीताल. दोन्ही टोकांना जोडणारे दोन रस्ते आहेत. एका काठानं दुकानांनी गजबजलेला मॉल रोड आणि समोरच्या काठानं, अयारपाटा डोंगराच्या पायथ्याशी, ठंडी सडक. नाव उगीच पडलेलं नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो आणि डोंगर त्याला अडवतो. मॉल रोडवर माणसं स्वेटर काढून शेंगा खात बसलेली असतात, तेव्हा ठंडी सडकेवरच्या दगडांवर पहाटेचं दव तसंच असतं.

आमचा हंस आम्हाला तिथंच सापडला. पण पाण्यात नाही. काठावर, दोन जुन्या टायरांवर कुशीवर कलवून ठेवलेला. पोटाला हाताएवढी चीर, अंगावर पिठूळ पांढरेपणा. चिनूनं हात फिरवला तर तळवा खडू लागल्यासारखा झाला.

"हात धू बेटी, नाहीतर शाळेत गेल्यासारखं वाटेल," शेजारी बसलेला माणूस म्हणाला. पन्नाशीचा असावा. डोक्याला कानटोपी, हातात ओला फडका. कुमाऊंमध्ये थोरल्या भावाला 'दाज्यू' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दाज्यूच म्हणू लागलो.

दाज्यूंच्या दोन होड्या. एक वल्ह्यांची, लाकडी, वडिलांपासून चालत आलेली. दुसरा हा हंस, कर्ज काढून घेतलेला. नाताळ ते नववर्ष हे आठ-दहा दिवस हिवाळ्यातली एकमेव गर्दी. त्या दिवसांत हंस पाण्यात असला तर मार्चपर्यंतचे हप्ते निघतात, नसला तर लाकडी होडीवर भागवायचं. आणि चीर नाताळाच्या तोंडावर पडलेली.

मी कोकणातला. होड्या पावसाळ्यात ओढून घ्यायच्या, खरवडायच्या, तेल पाजायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. फायबरची होडी म्हणजे बिनकटकटीची, बादलीसारखी, असा माझा समज. तो मी बोलूनही दाखवला. दाज्यू हसले. "लाकूड बोलतं साहेब. फुगतं, आक्रसतं, करकरतं. फायबर गप्प राहतं आणि आतल्या आत कुजतं."

मग त्यांनी चिरेची कड दाखवली. आत काचेच्या तंतूंची चटई, रेझिननं चिकटवलेली. तिच्यावर अगदी पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा गुळगुळीत थर. त्याला जेलकोट म्हणतात. होडीचा रंग, चकाकी आणि पाण्यापासून राखण, सगळं या थराच्या जिवावर. डोंगरावरचं ऊन थंड वाटलं तरी त्यातले अतिनील किरण खालच्यापेक्षा तिखट. ते या थराचा वरचा पापुद्रा जाळतात, त्याचीच ती खडूसारखी भुकटी. पाणी आत झिरपलं की पोटाला फोड येतात आणि होडी जड होते.

"मग पॉलिश करून टाकायचं," मी म्हणालो.

"पॉलिश म्हणजे काय साहेब? घासून वरचा थर काढायचा. अर्धा मिलिमीटर आहे, तो कितीदा काढणार? काही लोक दर सीझनला मशीन लावून आरशासारखी चमकवतात. चौथ्या वर्षी खालची चटई दिसायला लागते."

म्हणून दाज्यूंची रीत निराळी. आधी साध्या साबणाच्या पाण्यानं धुणं. जिथं फारच पिठूळ असेल तिथंच रबिंग कंपाउंड, तेही हातानं. आणि मग मेणाचं पॉलिश, ज्यानं थर निघत नाही, झाकला जातो. मेण म्हणजे हल्द्वानीच्या दुकानातून आणलेला मोटारीच्या पॉलिशचा डबा. दिसायला आईच्या फरशीच्या मेणासारखाच.

अडचण होती ती थंडीची. पहाटे पारा दोन-तीन अंशांवर, दुपारी बारा-पंधरा. रेझिनमध्ये हार्डनर मिसळलं की ते तापून घट्ट होतं, पण त्यासाठी हवेत निदान पंधरा अंशांची ऊब लागते. कमी असलं की चिकट राहतं, दिवसेंदिवस. हार्डनर जास्त घातलं तर घट्ट होतं खरं, पण ठिसूळ. गेल्या वर्षी दाज्यूंनी घाई करून तेच केलं होतं. यंदाची चीर त्याच जोडावर पडलेली.

मेणाचंही तसंच. गारठ्यात ते पसरत नाही, गोळे धरतं. वाळून धूसर व्हायला हवं ते होत नाही, पुसायला गेलं की चट्टे उठतात. सगळ्यात वाईट म्हणजे दव. डोळ्याला पृष्ठभाग कोरडा दिसतो, पण बाहेरच्या गार फायबरवर ओल धरलेली असते. तिच्यावर मेण लावलं की ओल आत कोंडते आणि पांढरे डाग पडतात. दाज्यू हाताची उलटी बाजू टेकवून पाहायचे, आपण तापाचं पोर बघतो तशी.

"मग ठंडी सडकेवर का बसलात?" बायकोनं अगदी गृहिणीचा प्रश्न विचारला. "समोर ऊन पडलंय की!"

"समोर जागा मिळायची वाट बघतोय, दीदी."

दुसऱ्या दिवशी मिळाली. चिरेवर आतून-बाहेरून प्लास्टिक चिकटवून, लाकडी होडीच्या मागं हंस बांधून दाज्यूंनी तो तलावापार मल्लीतालला नेला. हा काठ आग्नेयेकडे उघडा, त्यामुळे दुपारपर्यंत ऊन. तिथंच नैनादेवीचं देऊळ आणि पुढं फ्लॅट्स म्हणून ओळखलं जाणारं मोठं मैदान. पोरं क्रिकेट खेळत होती. या मैदानाचा बराचसा भाग १८ सप्टेंबर १८८० रोजी कोसळलेल्या दरडीच्या मातीनं भरलेला आहे. त्या दिवशी १५१ माणसं गेली. जुनं देऊळही गाडलं गेलं, आजचं नंतर बांधलेलं. एवढ्या सुंदर जागेखाली एवढं काही असेल असं वाटत नाही. आम्ही तिथं बसून चहा प्यायलो खरा, पण थोडा गप्प बसून.

इथल्या होडीची पहिली गोष्टही काही गोड नाही. बॅरन नावाचा साखरेचा इंग्रज व्यापारी १८४१ मध्ये इथं पोहोचला आणि तलावावर लुब्ध झाला. पुढं त्यानं एक होडी वर आणवली. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या थोकदाराला तीत बसवून मधोमध नेलं आणि कागदावर सही कर, नाहीतर पाण्यात ढकलतो, असा दम भरला. सही झाली. दाज्यूंना ही गोष्ट तोंडपाठ. "तेव्हापासून या तलावात होडीत बसताना लोक आधी भाव ठरवून घेतात," ते म्हणाले.

काम सुरू झालं ते साडेदहाला, फायबर हाताला कोमट लागल्यावर. चिरेच्या कडा घासून, पुसून, वाळवून झाल्या. काचचटईचे दोन तुकडे, एक लहान, एक मोठा. रेझिन ब्रशनं भिनवून त्यावर पुन्हा प्लास्टिकचा कागद, कारण हवा लागली की वरचा थर चिकट राहतो. सूर्य कलला तशी दाज्यूंची नजर डोंगराकडे वारंवार जाऊ लागली. तीन वाजता सावली टायरापर्यंत आली. रेझिन अजून मऊच.

तेव्हा माझी आई उठली. गुडघ्यांसाठी तिची शेकायची रबरी पिशवी तिच्या थैलीत कायम असते. चहावाल्याकडून कढत पाणी भरून घेतलं आणि फडक्यात गुंडाळून तिनं ती दाज्यूंच्या हातात दिली. दाज्यूंनी ती प्लास्टिकवरून चिरेवर ठेवली. संध्याकाळपर्यंत चार वेळा पाणी बदललं. त्या रात्री आईचे गुडघे दुखले, पण तिनं कुरकूर केली नाही. सकाळी नखानं टोचून पाहिलं तर जोड टणक!

तिसरा दिवस मेणाचा, आणि आमचा शेवटचा. रात्रीची गाडी काठगोदामहून होती. मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मऊ केला. थेट शेगडीवर कधीच नाही, त्यातलं द्रावण पेट घेतं. एकेका हातभर जागेवर पातळ लेप, वाळून धूसर झाला की सुती फडक्यानं पुसायचा, मग पुढची जागा. उन्हाळ्यात हेच काम सावलीत करावं लागतं म्हणे, नाहीतर मेण लावता लावता करपतं. हंसाची मान चिनूकडे होती. तिनं ती इतकी घासली की दाज्यू म्हणाले, "बस कर बेटी, हंसाला गुदगुल्या होतायत."

पाण्याचा पेला ओतून पाहिला. अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब धावले.

"आता बसू?" चिनूनं विचारलं.

दाज्यूंनी घड्याळाकडे नाही, ठंडी सडकेकडे पाहिलं. मेणाला निदान एक रात्र कोरडी मिळायला हवी. वरून दुसरा हात उद्या. ते काही बोलायच्या आत बायकोनं चिनूला जवळ घेतलं. मला मात्र वाटत होतं, दहा मिनिटांनी काय बिघडतं? मी तसं म्हणणारही होतो. पण मागच्या वर्षीच्या घाईचा तो ठिसूळ तुकडा अजून टायराजवळ पडला होता.

दाज्यूंनी आम्हाला लाकडी होडीतून तल्लीतालला सोडलं. पैसे घेईनात. शेवटी आईनं रागावून त्यांच्या खिशात कोंबले. चिनू पाण्याला पाठ करून बसली होती, मल्लीतालच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत. गाडीत ती आमच्याशी बोलली नाही, बरेलीपर्यंत.

पंचवीस डिसेंबरच्या दुपारी मोबाइलवर एक फोटो आला. निळं पाणी, हंस आणि त्यात दोन अनोळखी मुलं, जीव खाऊन पायडल मारणारी. चिनूनं फोटो बोटांनी मोठा केला. मुलांकडे नाही, हंसाच्या पोटाकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाली,

"बाबा, दाज्यूंना विचार ना, दुसरा हात दिला का?"