किरकोळ रजा

सरकारी कचेऱ्यांच्या भाषेत ‘किरकोळ रजा’ नावाचा एक प्रकार आहे. हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याला माणसाच्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टी किरकोळ वाटत असतील, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. वडिलांचे श्राद्ध, मुलीची परीक्षा, आईच्या डोळ्यांची तपासणी, ही सारी किरकोळ कामे. आणि आवक-जावकाच्या वहीत ‘पत्र मिळाले’ असे लिहिणे हे महत्त्वाचे काम! मी मराठीचा प्राध्यापक. शब्दावर अडखळण्याची खोड मला धंद्यानेच लागलेली आहे. पण या शब्दावर मी खरा अडखळलो तो गेल्या पावसाळ्यात.

आमच्या सौभाग्यवती एका नगरपालिकेच्या कर विभागात आहेत. नगरपालिका कोणती ते सांगत नाही. उगाच घरपट्टी वाढून यायची! आमच्या लहानपणी जो अंगठा उठवी तो अडाणी समजला जाई. आता बी. कॉम. झालेली माझी पत्नी रोज सकाळी यंत्रावर अंगठा उठवते, तेव्हा कुठे तिचा दिवस सुरू झाला असे सरकार मानते. त्या अंगठ्याच्या पायी आमच्या घरी कित्येक वर्षे सकाळचा चहा कोणी बसून प्यायला नव्हता.

मग ते साल आले. राज्य सरकारने 29 फेब्रुवारी 2020 पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. शनिवारची सुट्टी मिळाली आणि तिच्या मोबदल्यात कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली. शिपायांनी मात्र पाव तास आधी यायचे नि पाव तास उशिरा जायचे. कचेरीचे कुलूप कोणीतरी काढायला हवे नि लावायलाही हवे! या नव्या घडीची चव पुरती कळायच्या आत महामारी आली आणि मार्चच्या अखेरीस सरकारी कचेऱ्यांतली हजेरी शंभरात पाचांवर आली. पुढे 1 फेब्रुवारी 2021 पासून सर्वांना लोकलमधून जाण्याची मुभा मिळाली, पण सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. पनवेलच्या फलाटावर उभे राहून ती पाटी वाचताना आम्हां चाकरमान्यांना प्रथमच वाटले, की कचेरीची वेळ ही काही सूर्योदयासारखी गोष्ट नव्हे. ती माणसांनी ठरवलेली असते आणि माणसांना बदलता येते.

हेच पुढे हिच्या मुख्याधिकाऱ्यांनाही वाटले असावे. गृहस्थ नव्या विचारांचे होते. त्यांनी ठरवून दिले, की नऊ ते अकराच्या दरम्यान केव्हाही या, पण दिवसाचे तास पुरे भरा; आठवड्यातून एक दिवस घरून काम केलेत तरी चालेल. सवलत सर्वांना होती, फक्त खिडकीवर बसणाऱ्यांना नव्हती. जन्म-मृत्यूच्या खिडकीवरच्या बाई जरा हिरमुसल्या. पण खेडेगावातून दाखल्यासाठी एस.टी.ने आलेल्या माणसाला बंद खिडकी दाखवून कसे चालेल?

हे वारे काही एकट्या आमच्या गावात वाहत नव्हते. गर्दीच्या गाड्यांवरचा ताण हलका व्हावा म्हणून मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्याच कचेरीतल्या लोकांसाठी दोन वेळा केल्या, एक साडेनऊची आणि एक साडेअकराची. तिकडे इंग्लंडात साउथ केंब्रिजशायर नावाच्या जिल्हा परिषदेने जानेवारी 2023 मध्ये त्याच पगारात चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग मांडला. लंडनच्या मंत्र्यांनी डोळे वटारले, तरी परिषदेने तो रेटला आणि जुलै 2025 मध्ये कायमचा केला.

आमच्या घरी पहिला महिना दिवाळीसारखा गेला. चहा बसून होऊ लागला. पण हळूहळू एक गंमत झाली. गॅसवाला येणार असला की मी म्हणे, “तू अकराला जातेस ना? मग थांब की जरा.” नळ दुरुस्त करणारा यायचा तो ही घरून काम करी त्याच दिवशी. मुलीच्या शाळेतली पालकसभा, बँकेतली सही, माझी ग्रंथालयाची मुदत संपलेली पुस्तके, सगळे तिच्या खात्यावर. तिची वेळ सैल झाली आणि ती ओढायला आम्ही सारे टपलेले! पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे ते होते. कोणी ताणले तरी ताणले जायचे, आणि कुरकुर म्हणून ऐकू यायची नाही.

माझी आई शिरढोणला राहते. पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्याने निघाले की कर्नाळ्याचा सुळका जवळ दिसू लागतो, तेच आमचे गाव. “या घरातून मला आता चौघांनीच न्यायचे,” असे म्हणून तिने पनवेलला यायचे साफ नाकारलेले. गेल्या आषाढात एका सकाळी ती अंगणातल्या शेवाळावरून घसरली. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी प्राध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. दहा मिनिटांनी माझा तास होता.

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते प्रामाणिकपणे सांगतो. काळजी वाटलीच. पण हात गेला तो चपलांकडे नव्हे, फोनकडे. मी पत्नीला म्हणालो, “आई पडली आहे. तुझी वेळ तर सोयीची आहे. तूच जातेस का?”

“जाते,” ती म्हणाली. एवढेच.

मी तास घेतला. चांगला रंगला असे मुले म्हणाली. त्यानंतरचाही घेतला. संध्याकाळी सहाला शिरढोणला पोहोचलो तोवर पनवेलच्या दवाखान्यात फोटो काढून, मनगटाला प्लास्टर घालून, आईला घरी आणून, मऊ भात भरवून झाला होता. मला पाहून आई म्हणाली, “तू कशाला रे धावत आलास? तुझे वर्ग बुडले असतील.” तिच्या बोलण्यात टोमणा मुळीच नव्हता, आणि म्हणूनच तो लागला.

रात्री आईपाशी मीच झोपतो म्हणालो. साडेअकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर ओटीवर दिवा. ही मांडीवर यंत्र घेऊन घरपट्टीच्या थकबाकीच्या याद्या लावत होती.

“अजून जागी?” मी विचारले.

“तास भरतेय,” ती वर न बघता म्हणाली.

पुढच्या रविवारी मी मुलीला घेऊन गावात फिरायला निघालो. शिरढोणला पाहुणा आला की त्याला वासुदेव बळवंत फडक्यांचे घर दाखवायचे, ही आमची रीत. 4 नोव्हेंबर 1845 रोजी त्यांचा जन्म याच गावात झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, आणि नातू पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून. आई आजारी असल्याचा निरोप गावाहून आला, त्यांनी रजेचा अर्ज केला, पण रजा वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. 1879 च्या त्यांच्या बंडाला कारण काही केवळ रजा नव्हती. 1876-77 च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली होती. 17 फेब्रुवारी 1883 रोजी दूर एडनच्या तुरुंगात त्यांचा शेवट झाला. पण गावात ही कथा सांगताना आजही प्रथम सांगतात ती रजेचीच गोष्ट.

मी ती लहानपणापासून शंभरदा तरी ऐकली आहे, आणि दर खेपेला त्या गोऱ्या साहेबाला शिव्या मोजल्या आहेत. त्या दिवशी मुलीला सांगताना मात्र मध्येच माझा आवाज अडखळला.

“मग बाबा, तुम्हाला कोणत्या साहेबानं सोडलं नाही?” तिने सहज विचारले.

मला उत्तर देता येईना. मला कोणीच अडवले नव्हते. आमचे प्राचार्य सज्जन आहेत; नुसते सांगितले असते तरी त्यांनी “आधी निघा” म्हटले असते. वर्षाच्या माझ्या आठ किरकोळ रजांपैकी सात तशाच शिल्लक होत्या. मी मागितलीच नव्हती. घरात कोणाची तरी वेळ मोकळी आहे म्हटल्यावर स्वतःची मोकळी करण्याची मला गरजच वाटली नव्हती. त्या मुख्याधिकाऱ्यांनी सवलत दिली ती माझ्या पत्नीला. ती वापरली मी.

आईचे प्लास्टर काढायचे होते तो गुरुवार. आदल्या दिवशी मी कार्यालयात जाऊन रजेचा अर्ज मागितला. ‘कारण’ या रकान्यात इतकी वर्षे सगळेच लिहितात तसे ‘घरगुती काम’ लिहिणार होतो, पण थांबलो, आणि स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘आईच्या हाताचे प्लास्टर काढणे.’

आमचे हेडक्लार्क माझ्याच वयाचे. त्यांनी चष्म्यावरून अर्जाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“एवढ्याशासाठी पूर्ण दिवस, सर? घरी कोणी नाही का?”

“आहे की,” मी म्हणालो, “पण ती कामावर असते.”

त्यांनी शिक्का मारला.