मधले मैदान

घोड्यांच्या शर्यतीविषयी लिहावयाचे म्हटले की देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या सज्जनांच्या भुवया वर चढतात. शर्यत म्हणजे जुगार, हे समीकरण आपल्या मनात फार घट्ट बसले आहे. पण घोडा पाहावा, त्याची दौड पाहावी आणि एक पैसाही न लावता घरी परतावे, एवढ्याच ओढीने मैदानावर जाणारा एक निरुपद्रवी वर्ग असतो. आम्ही त्या वर्गातले. आमची तक्रार त्याच्याच वतीने आहे.

व्यवसायाने आम्ही वकील. तेव्हा आधी कायदा. १९९६ साली लक्ष्मणन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे. ज्यांनी नलोपाख्यान ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फाशांनी ज्या नलाला वनात धाडले, त्यालाच अश्वविद्येने एका दिवसात अयोध्येहून विदर्भात आणून पोहोचविले. वाटेत ऋतुपर्णाने त्याला अक्षविद्या दिली आणि बदल्यात अश्वविद्या मागितली. दोन्ही विद्या एकच असत्या, तर ही देवघेव झालीच नसती!

कर बसविणारांना मात्र हा भेद फारसा मानवत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा शर्यतीवरील पैजेस २८ टक्क्यांचा दर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पैज लावणारे आपले पाहून घेतील. पण रेसकोर्सच्या प्रवेशाच्या तिकिटावरही तोच दर आहे. शंभर रुपयांचे तिकीट एकशे चाळिसास पडते. जो केवळ पाहावयास आला, त्यालाही दारातच जुगाऱ्याच्या पंक्तीत बसविले जाते.

त्यातून आम्ही बऱ्हाणपूरकर. कायद्याचे शिक्षण पुण्यात घेत असताना पावसाळी हंगामात चार मित्र मिळून रेसकोर्सवर जात असू. सर्वांत स्वस्त जागेचे तिकीट आणि परतताना भेळ, एवढ्यात दिवस साजरा होई. आता महालक्ष्मी गाठावयाची तर रात्रीची गाडी, मुंबईतला मुक्काम, टॅक्सी आणि वर हे तिकीट. "एवढ्या पैशांत पंढरपूर दोनदा होईल," असे आमचे कुटुंब म्हणते, आणि त्यावर प्रतिवाद सुचत नाही.

हाती पैसा असलेली मित्रमंडळी यावर परदेशाचा उपाय सांगतात. दुबईत पैज लावण्यास कायद्याने मनाई आहे, तरी तेथे शर्यती थाटात होतात, हे ऐकून आम्हांस कौतुक वाटते. पण आमच्या मनात घर करून राहिले ते मॉरिशस. २०१९ साली तेथे गेलो असता एका शनिवारी पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर गेलो. १८१२ सालापासून तेथे घोडे धावत आले आहेत. १२ मार्च १९६८ रोजी त्या देशाच्या स्वातंत्र्याचा ध्वजही याच मैदानावर उभारला गेला. भोवती शर्यतीचा मार्ग आणि मध्ये मोकळी जागा. या मधल्या मैदानात यावयास पैसा पडत नसे. पैज लावणारे तेथेही होतेच. पण न लावणारासही बसावयास जागा होती. लेकुरवाळ्या बाया डालपुरीचे पुडके सोडून बसल्या होत्या. एका मराठी कुटुंबाने आम्हांस आपल्या चटईवर बोलावले. त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटी मजूर म्हणून गेलेले. बोलता बोलता गणेशचतुर्थीची गोष्ट निघाली. त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुटी असते. त्यांतील वृद्ध गृहस्थ म्हणाले, "माझ्या आज्याला इथे कुणी तिकीट विचारले नाही. मलाही नाही."

अर्थात फुकटचे मैदान पाहावयास विमानाचे भाडे भरावे, हा हिशेब आमच्या वकिली बुद्धीलाही सिद्ध करता येणार नाही. तेथून आणावयाचे ते मधले मैदान. तेही आपल्याला अगदी परके नाही. चांदोबाच्या लिंबाजवळ ज्ञानोबांच्या पालखीचे उभे रिंगण होते, तेव्हा माउलींचा अश्व दौडत जाताना पाहणाऱ्यास कोणी तिकीट विचारीत नाही. महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा २०२४ साली उद्यानासाठी महापालिकेकडे गेली. त्या उद्यानाच्या एखाद्या कडेला शर्यतीच्या दिवशी चार मुलांना उभे राहून दौड पाहता येईल, एवढी तजवीज केली तरी पुष्कळ झाले. पैजेवर सरकारने हवा तितका कर बसवावा. पाहण्यावर बसवू नये.

तोवर आम्हांस आमची तापीमाई आहे. बऱ्हाणपुरावरून वाहणारी ही नदी पुढे सारंगखेड्यास एकमुखी दत्ताच्या पायथ्याशी जाते, आणि दत्तजयंतीस तेथे घोड्यांची मोठी यात्रा भरते. यंदा सहकुटुंब जाण्याचे ठरले आहे. आधी दत्ताचे दर्शन, मग घोडे. या क्रमाला घरातून हरकत आलेली नाही.