संध्याकाळी ओस पडणाऱ्या पार्किंगास

सदाशिव पेठ, पुणे ३०

ऑफिसांच्या इमारतीखालील पार्किंग यांस,


लक्ष्मी रस्त्यावर लग्नसराईची खरेदी सुरू झाली आहे. पी-१, पी-२च्या पाट्या वाचून, आज तारीख सम की विषम हे आठवत माणसं गाडी लावायला जागा शोधतात. नाही मिळाली की गल्लीत शिरतात, तिथेही नाही मिळाली की फुटपाथवर चढवतात. मग काठी टेकत निघालेल्या आजींना रस्त्यावर उतरून बसच्या कडेनं चालावं लागतं.

आपल्या दारात मात्र ऑफिसं सुटली की साखळी लागते. वर पाटी : 'बाहेरच्यांनी वाहने लावू नयेत. हवा सोडली जाईल.' साखळीपलीकडे पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या, अडीच मीटर रुंद नि पाच मीटर लांब जागा सकाळपर्यंत मोकळ्या. पेठेत एवढ्याशा खोलीत अख्खी बिऱ्हाडं राहिली आहेत हो! टिळक स्मारक मंदिरात रात्रीचं नाटक असतं तेव्हा आपण रिकामेच असता, आणि प्रेक्षक घिरट्या घालत असतात.

एकच जागा वेळेनुसार वेगवेगळ्या कामांना वापरण्याची रीत इथल्या वाड्यांना ठाऊक होती. पुढे दुकान, वर बिऱ्हाडं, मध्ये चौक. त्याच चौकात दिवसा माल उतरायचा, संध्याकाळी मुलं खेळायची, रात्री सायकली लागायच्या.

आपल्यासारख्यांचा हिशोब मांडण्याची पद्धतही जुनी आहे. अमेरिकेतल्या अर्बन लँड इन्स्टिट्यूटनं १९८३मध्ये सामायिक पार्किंगवर पुस्तकच काढलं. प्रत्येक वापराची तासातासाची गरज मांडायची आणि ज्या तासाची बेरीज सर्वांत मोठी येईल, तेवढ्याच जागा बांधायच्या. समजा, ऑफिसांना दुपारी ६० जागा लागतात नि रात्री ५. वरच्या घरांना दुपारी २० नि रात्री ४५. वेगवेगळं बांधलं तर १०५ जागा, एकत्र वापरलं तर ८० पुरतात. अट एकच, जागेवर कुणाचं नाव घालायचं नाही. नाव घातलं की मालक परगावी गेला तरी जागा अडून राहते.

आपल्या मालकांची काळजी मला समजते. चोरी झाली तर कोण भरून देणार? सकाळी गाडी हलली नाही तर? म्हणून विनंती आहे, शेजारच्या सोसायटीशी लेखी करार करा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ, ठरलेल्या गाड्या, ठरलेलं भाडं, उशीर झाला तर दंड. भाड्यातून रात्रीच्या वॉचमनचा पगार निघू दे. सोसायटीच्या गाड्यांची घडी बसली की नाटकाच्या प्रेक्षकांनाही घ्या.

महापालिकेकडेही माझं मागणं आहे. इमारतीचा नकाशा मंजूर करतानाच असे करार नोंदवून घ्यावेत, म्हणजे इमारत विकली तरी ते मोडणार नाहीत. आणि रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घ्यावेत. तसं धोरण मुख्य सभेनं २०१८मध्ये मंजूर केलं होतं, केवढा विरोध झाला तेव्हा! पण रस्ता फुकट आहे तोवर पैसे देऊन आपल्याकडे कोण येणार?

आपण आमच्याच पेठेत उभे आहात, आमचे शेजारी आहात. या लग्नसराईत निदान एक ओळ तरी उघडा.



आपला,
पेठेतला एक रहिवासी